वाकड्या स्वस्तिकाचा टायर

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा आधी पाहिलेला नाही. आधी ते त्याच्या गाडीची चाकं पाहतात. मी मुलगी बघायला अमरावतीहून अकोल्याला स्कूटरवर गेलो होतो. यातच माझी तेव्हाची अक्कल दिसते. घरात पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि हे गृहस्थ अंगणात माझ्या स्कूटरपाशी उकिडवे बसले होते. आत आले, हात धुतले आणि माझ्यादेखत माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "पोरगा बरा हाय. मागचं चाक बदलायले सांगा." त्या एका अटीवर माझं लग्न ठरलं, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, अट तिला घालायला मिळाली असती तर ती चाकावर थांबली नसती.

मामांची पस्तीस वर्षं बसच्या आगारात, टायर खात्यात गेली. कुठला टायर रस्त्यावर जाईल आणि कुठला नाही, हे ठरवायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आगार सुटलं, काम सुटलं नाही. त्यांच्या लेखी टायर तीन प्रकारचे: रस्त्याचा, शेताचा आणि झुल्याचा. रस्त्यावरून उतरलेला टायर बैलबंडीला चालतो, तिथूनही उतरला की झाडाला टांगून त्यावर लेकरांनी झोके घ्यावेत. तपासताना ते आधी नख रुतवतात, मग तळहात फिरवून कुठे फुगवटा आहे का ते बघतात, मग वास घेतात. हा वास कसला, हे मला आजवर कळलेलं नाही. मी घेऊन पाहिला तेव्हा मला फक्त शेणाचा आला. शेवटी टायरच्या बाजूवर ठसलेले चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे टायरची जन्मतारीखच. पुष्कळदा हे आकडे आतल्या अंगाला येतात, मग मामा गाडीखाली शिरतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मुलीकडच्यांनी त्यांना ड्रायव्हर समजून जेवणाचं पार्सल दिलं. मामांनी ते घेतलं आणि खाता खाता खऱ्या ड्रायव्हरला उजव्या चाकाविषयी सांगितलं.

अशा माणसाच्या नात्यात राहून मी जुनी गाडी घेतली. सात जणांची, दणकट, एका निवृत्त प्राध्यापकांची. नऊ वर्षांत त्यांनी ती घरापासून देवळापर्यंतच नेली असावी, कारण टायरवरची नक्षी कोरी करकरीत होती. मी खूश. पूजा केली, चाकांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली. कुंकू पुसलं जातं म्हणून मग लाल ऑइलपेंट आणला आणि चारही टायरवर पक्की स्वस्तिकं रंगवली. चित्रकलेत मला शाळेत कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. माझ्या स्वस्तिकाचा एक हात नेहमी लांब होतो आणि रस्ता विचारत असल्यासारखा बाहेर जातो. तशी ती गाडी घेऊन मी ऐटीत अकोल्याला मामांना दाखवायला गेलो.

मामांनी नख लावलं. रुतलं नाही. बाजू अंगठ्याने दाबली तशा तिच्यावर बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा. मी नक्षीचा विषय काढला.

"नक्षीले काय पाहता? वय पाहा. नुसता उभा राह्यला तरी रबर वाळते," ते म्हणाले. "हा टायर मेला हाय, जवाईबापू. फक्त त्याले कोणी सांगतलं नाही."

चारही बदला म्हणाले; स्टेपनी तेवढी प्राध्यापकांनी मागच्याच वर्षी घेतलेली, नवी निघाली. आणि जुने कापा. बाजू सुरीने कापून टाका, नाही तर ते पुन्हा कोणाच्या तरी गाडीच्या पायात जातील.

बदलले मी. कापायची वेळ आली ती अमरावतीत, भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. दुकानदार हळहळला. इतके देखणे टायर कापता भाऊ, बैलबंडीला होतील कोणाच्या, म्हणाला, आणि त्याने समोरून दोन ग्लास उसाचा रस मागवला. त्या दोन ग्लासांवर माझा निश्चय वितळला. घरी येऊन मामांना फोन केला, "कापले." मामा म्हणाले, "शाबास." ती शाबासकी मी निर्लज्जपणे घेतली.

दिवाळीनंतर दर्यापूरला नात्यातला साखरपुडा होता. मामा अकोल्याहून बसने येणार होते. मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो. लोक वाट पाहताना पेपर वाचतात, मामा उभ्या जीपांचे टायर वाचत होते. अंजनगावच्या जीपपाशी ते थांबले आणि तिच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसले. मी जवळ गेलो. टायरवर चिखल होता, आणि चिखलातून एक लाल रेघ बाहेर आली होती. लांब हाताची.

"काकाजी, सरका न," ड्रायव्हर म्हणाला. "बारा सवाऱ्या बसून राहिल्या."

"उतरव त्याईले."

"काहून? नवा कोरा हाय. नक्षी पाहा. वरून स्वस्तिक हाय, म्हणून तं घेतला म्या."

आतून एक बाई म्हणाली, बुढ्याले ऊन लागलं वाटते. बाकीचे हसले. मामा तिच्याकडे पाहत नव्हते, ड्रायव्हरकडेही नाही. ते माझ्याकडे पाहत होते. वऱ्हाडात लाल स्वस्तिकं पुष्कळ आहेत, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण इतकं वाईट स्वस्तिक काढणारा दुसरा माणूस वऱ्हाडात नाही. आणि त्या बाईच्या मांडीवर एक लेकरू झोपलेलं होतं.

"हा टायर माझा आहे," मी म्हणालो. "कापायचा होता. मी कापला नाही."

कोणी हसलं नाही. ड्रायव्हरने फक्त विचारलं, "मंग आता?"

त्याची गाडी आणि माझी एकाच कंपनीची, एकाच साच्यातली. मी माझी स्टेपनी काढून दिली. साखरपुड्याच्या कपड्यांत मीच नट खोलले. मामांनी पंक्चरवाल्याकडून सुरी आणली आणि माझ्या हातात ठेवली. मी कापत गेलो तसा आतून टायर भुसभुशीत निघाला. मामांनी तो तुकडा ड्रायव्हरला दाखवला. तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला, मग गाडीत बसला.

जीप गेली. आतले लोक उशीर झाला म्हणून आम्हाला शिव्या देत गेले आणि अंजनगावला सुखरूप उतरले असणार. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कधी कळणार नाही. काळे झालेले हात घेऊन उभा असताना मला वाटलं, मामांची पस्तीस वर्षं अशीच गेली. बस पोचली, एवढंच त्यांचं काम. आणि बस पोचली म्हणून कोणी कोणाला हार घालत नाही.

रागावतील असं वाटलं होतं. गाडीत बसताना ते फक्त म्हणाले, "तीन राहिले."

बाकीचे तीन कोणाला विकले, हे दुकानदाराला आठवत नव्हतं. त्यातला एक मला पुढे अंजनगावजवळ संत्र्यांच्या बंडीला सापडला. फोनवर मामा खूश झाले. "शेताचा. राहू द्या." दोन अजून राहिलेत. मामांचे गुडघे आता वाकत नाहीत. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि घरी येणाऱ्यांना गाडी थोडी पुढे, थोडी मागे घ्यायला लावतात. दर रविवारी फोन येतो.

"दिसला का?"

"नाही मामा."

"मंग फिरून राहिला असन." मग म्हणतात, "लय वाकत नका जाऊ. कंबर धरते."

पण गावोगावच्या स्टँडवर माझं आता तेच चालतं. उभ्या जीपच्या चाकापाशी बसतो, अंगठ्याने चिखल पुसतो. कोणीतरी चहा पिता पिता विचारतं, "काही हरवलं का भाऊ?"

हो म्हणतो, आणि पुढच्या गाडीपाशी जाऊन बसतो.