शामलाने सोडलेली खोली

नवरा गेल्यावर शामलाने लकडगंजात चारुशीलाबाईंच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली आणि हळूहळू ती त्या घरातलीच झाली. ती दवाखान्यात कंत्राटावर आया होती. बाईंचे यजमान वसंतराव यांना दम्याचा त्रास. त्यांना वाफ द्यायला तीच खाली यायची. करार दरवर्षी नवा होई. खोली सोडायला सांगायचं तर महिनाभर आधी कळवावं, असं त्यात लिहिलेलं होतं, पण ते वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

करोना आला आणि शामलाची ड्युटी त्याच्या वॉर्डात लागली. आठवडाही झाला नसेल, चारुशीलाबाई जिन्याच्या खालूनच, तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "शामला, तू उद्या खोली खाली कर."

"उद्या? काकू, गाड्या बंद आहेत. मी कुठी जाऊ?"

"यांची छाती तुला माहीत आहे. मी तरी काय करू, सांग."

वॉर्डातल्या सिस्टरला हे कळलं. दवाखान्यातल्या माणसांना घराबाहेर काढायचं नाही असा सरकारचा हुकूम आहे, असं सांगून तिने ठाण्यात फोन लावला. हवालदार आला, फाटकाबाहेर उभा राहून मोठ्याने बोलला, "बाईले काढलं तर गुन्हा दाखल होईल, काका." साऱ्या गल्लीने ऐकलं. वसंतरावांनी हात जोडले. वरून बघणाऱ्या शामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोली राहिली. पण गच्चीवरच्या नळाचं पाणी बंद झालं, आणि ती जिना उतरू लागली की खालची दारं लागत. सिस्टर म्हणाली, पुन्हा तक्रार कर. शामला म्हणाली, "हवालदार काय रोज नळ सोडाले येईल?" ती दवाखान्यातच आंघोळ करी, रात्रीपुरती घरी येई.

मग वसंतरावांना ताप आला. ते भाजीच्या रांगेत उभे राहत, औषधाच्या दुकानात जात; कुठून लागण झाली, कोण सांगणार? त्यांना शामलाच्याच वॉर्डात आणलं. घरच्यांना आत सोडत नव्हते. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं सगळं तिच्याकडेच आलं. पहाटे ते गेले तेव्हा जवळ तीच होती.

चारुशीलाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा दार उघडलं.

"काही बोलले का गं?"

"नाही, काकू. तोंडाला मशीन लावली होती."

"तूच आणलंस हे घरात."

आपण आणलं नाही, हे शामलाला तरी कुठे ठाऊक होतं? कपडे, शेगडी, नवऱ्याचा फोटो असं एका पोत्यात भरून ती संध्याकाळी निघाली. किल्ली तिने कठड्यावर ठेवली. कोणी थांब म्हटलं नाही.

हिंगण्याला तिला पत्र्याची एक खोली मिळाली. तिथे तिने कंपनीत कामाला आहे असं सांगितलं आणि दवाखान्याची साडी पिशवीतून नेऊ लागली. रुग्ण कमी झाले तसा तो वॉर्ड बंद झाला आणि त्यासोबत तिची नोकरीही गेली. सिस्टरने एकदा फोनवर विचारलं, "काहून सोडली वं ती खोली? कायदा तुझ्या बाजूनं होता."

"हो, होता," शामला म्हणाली.