रेषेबाहेर सरकलेला निळा रंग: चँडलर ते ईस्ट लॉस एंजेलिस

अ‍ॅरिझोनातून गाडीनं लॉस एंजेलिसला जाण्याबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हाचे पेट्रोलचे भाव सांगून उपयोग नाही, पण रस्ता तोच आहे आणि उन्हाळाही तोच. त्या प्रवासात मी एक घोळ घातला. तो लिहिल्याशिवाय रस्ता सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

जायचं ठरवलं माझ्या बायकोनं, निर्मलानं. नागपूरला तिनं कमर्शियल आर्ट केलं होतं. चँडलरला येऊन तीन वर्षं झाली होती आणि तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. रंगांचा डबा कपाटात वरच्या फळीवर होता. माझ्या शिफ्टवरच्या मेक्सिकन लुपेनं एकदा तिला सांगितलं, की ईस्ट एल.ए.मध्ये आमच्या लोकांची एक छापखान्याची जागा आहे. मेक्सिकन चित्रकार तिथे येऊन आपली चित्रं छापतात, शनिवारी मोहल्ल्यातली मुलं शिकतात. निर्मलानं पत्र लिहिलं, चित्राचा कच्चा आराखडा पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं: एक शनिवार-रविवार टेबल मोकळं आहे, या. ते पत्र तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. चित्र कशाचं आहे हे मात्र मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला माझी रात्रपाळी संपली, सातला आम्ही निघालो. सलग चार रात्री बारा-बारा तास उभं राहून माझे पाय पोत्यासारखे झाले होते. निर्मलाकडे लायसन्स नव्हतं, त्यामुळे झोपायची सोय नव्हती. तेव्हा फिनिक्समधून हायवे पूर्ण झालेला नव्हता. गावातले सिग्नल खात बाहेर पडावं लागे, तासभर त्यातच गेला. मग वाळवंट सुरू झालं. पंचावन्न मैलांची स्पीड लिमिट, सरळ रस्ता आणि डोळ्यांत खुपणारं ऊन. निर्मला मला जागं ठेवायला तिखटमिठाच्या पुऱ्या भरवत होती.

कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर फळं-भाज्यांची तपासणी होते. तिथल्या माणसानं विचारलं, "एनी फ्रूट?" निर्मला प्रामाणिक बाई. तिनं पर्समधून दोन लिंबं काढून दाखवली. त्यानं ती घेतली आणि टोपलीत टाकली.

"माझं सरबत गेलं," ती म्हणाली.

"बोलायचंच नाही ना."

"खोटं कशाला बोलू?"

जाणाऱ्यांनी लिंबं आधीच पिळून न्यावीत. आणि हद्दीलगतच्या ब्लाइद गावात पाणी भरून घ्यावं. पुढच्या चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशी पाटी येते, ती ऐकावी. आम्ही ऐकली आणि घामानं निथळत वर पोचलो. ईस्ट एल.ए.ला पोचेपर्यंत चार वाजून गेले. मोटेल स्वस्त होतं आणि तसंच होतं. मी बूटही न काढता झोपलो.

शनिवारी त्या जागी गेलो. खाली बेकरी, वर छापखाना. जिन्यात गोड पावाचा वास, वर शाईचा. भिंतीभर पोस्टर्स: द्राक्षमळ्यातल्या बाया, मिरवणुका, कवट्या, कुणाच्या तरी आजीचा चेहरा. जागा सांभाळणारे डॉन रमीरो साठीचे, बोटांच्या नखांत कायमचा काळा रंग. 'डॉन' म्हणजे आदरानं लावायचं संबोधन, हे कळल्यावर निर्मलानं तासाभरात त्यांचं रमीरोकाका करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. पोरांचा वर्ग चालू होता. त्यातली अल्मा, पंधराएक वर्षांची, आमच्या टेबलावर मदतीला आली. तीन वर्षं तिथे शिकत होती आणि तिचं बोलणं मालकिणीसारखं.

पद्धत सोपी आहे. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर चित्राचा आकार मोकळा ठेवलेला. शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ती एका दमात ओढायची, खाली कागदावर रंग उतरतो. एका रंगाला एक जाळी. कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून टेबलावर पुठ्ठ्याचे तीन छोटे तुकडे चिकटवतात, कागद त्यांना टेकवायचा. शनिवारभर निर्मलानं तीस कागदांवर निळा रंग ओढला: टेबलावर डोकं ठेवून झोपलेला एक माणूस, चेहरा हातात दडलेला. संध्याकाळी तिचा खांदा वर होईना, पण ती गुणगुणत होती. जेवायला आम्ही खालच्या गल्लीत बुरिटो, म्हणजे बीन्स-भात भरलेली पोळी, खायला गेलो. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का हे विचारून घ्या. आम्ही विचारलं. होती. मग नुसता भात आणि साल्सा, म्हणजे टोमॅटोची तिखट चटणी, खाल्ली.

रविवारी सकाळी काळ्या रेषेची जाळी लागली. निर्मलानं पुठ्ठ्याचे तुकडे लावले, एक कागद छापला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "झालं. अगदी अस्संच हवं होतं." मग पुढच्या कागदाला पट्टी ओढायला गेली तर खांद्यातून कळ आली.

"अहो, उरलेले तुम्ही ओढाल का? अल्मा कागद लावेल. मी जरा बाहेर आडवी होते."

"जा तू. मी करतो."

ती गेली. मी तिनं छापलेला कागद हातात घेतला. काळी रेषा निळ्या रंगावर बसलीच नव्हती. निळा माणूस बोटभर उजवीकडे सरकला होता, खांदा रेषेबाहेर, डावीकडे पांढरी पोकळी. आता माझं काम सांगतो. कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत, पिवळ्या उजेडाच्या खोलीत, एक थर दुसऱ्या थरावर नेमका बसवायचा हाच माझा धंदा. डोळ्यांना न दिसणारी चूकसुद्धा तिथे चालत नसे. आणि इथे बोटभर! मला वाटलं, बिचारी दमली, हिशेब चुकला. मी पुठ्ठ्याचे तुकडे सोडवायला लागलो.

"तिनं तसंच लावलंय," अल्मा म्हणाली.

"ती थकलीय."

"तुम्हीही थकलेले दिसता."

"हे माझं रोजचं काम आहे."

अल्मानं खांदे उडवले. "बायको तुमची आहे. तुम्हाला माहीत."

मी तुकडे हलवले. रेषा निळ्यावर चपखल बसली. मला फार बरं वाटलं, खरं सांगतो. कितीतरी दिवसांनी एखादं काम मनासारखं होत होतं. एकोणीस कागद झाले तेव्हा निर्मला आत आली आणि वाळत घातलेल्या कागदांपाशी थांबली.

"तुम्ही अलाइन केलंत?"

"अगं, सरकलं होतं. मी बरोबर केलं."

ती ओरडली नाही. स्टुलावर बसली. रमीरोकाका आले, त्यांनी एक कागद बघितला, मग तिनं छापलेला पहिला बघितला आणि माझ्याकडे बघून नाराजीनं मान हलवली.

"तो माणूस तुम्ही आहात," निर्मला म्हणाली. "सकाळी कामावरून येता, ताट वाढेपर्यंत झोपता. रेषा इथे असते आणि तुम्ही भलतीकडेच. तीन वर्षं मी तेच बघतेय. तेवढंच काढायचं होतं मला."

मी सॉरी म्हटलं, आणि ते फारच तोकडं होतं. कोरे कागद संपले होते आणि निळ्याच्या जाळीवरचा आकार आदल्या रात्रीच धुऊन टाकला होता, त्यामुळे नव्यानं छापायची सोय नव्हती. तिनं स्वतः तुकडे पुन्हा जागेवर लावले आणि दुखऱ्या खांद्यानं उरलेले दहा ओढले. एकूण अकरा झाले. तिथला नियम असा, की बिघडलेला छाप कुणी विकू नये म्हणून तो चित्रकारानंच फाडायचा. मी म्हटलं, "मी फाडतो, चूक माझी आहे."

"नाही," ती म्हणाली. "चित्र माझं आहे."

तिनं एकोणीसच्या एकोणीस फाडले. त्यातला एक मागायची माझी हिंमत झाली नाही. मग अकरांवर पेन्सिलीनं सही केली आणि रिवाजाप्रमाणे चार तिथे ठेवून दिले. निघताना रमीरोकाकांनी तिला सांगितलं, "पुन्हा ये. बसनं ये." माझ्याशी हात मिळवला, पण वाक्य तिच्यासाठीच होतं.

परतीच्या वाटेवर ब्लाइदला थांबलो. पेट्रोल भरताना ती म्हणाली, "चूक झाली असं वाटलं ना तुम्हाला, मग मला उठवायचं. दहा पावलांवर होते." मी पाइप जागेवर लावला आणि पैसे द्यायला गेलो.

पुढच्या काही वर्षांत ती खरंच बसनं सात-आठ वेळा गेली. वाट बघू नका म्हणायची, आणि परत आली की दोन दिवस दुप्पट बोलायची. तुम्ही कुणी त्या बाजूला गेलात तर अशा जागा अजून आहेत, चौकशी करा, वर जिना चढून जा. आणि कुणाच्या टेबलावरचे पुठ्ठ्याचे तुकडे हलवू नका.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारची सकाळ मात्र अजून आठवते. रात्रपाळी करून आलो, टेबलाशी बसलो. झोप अनावर झाली होती, पण मी डोकं टेकवलं नाही. तिला म्हटलं, "ते चित्र दाखव ना मला. नीट बघितलंच नाही." तिनं हात पुसले, चित्र आणून माझ्यासमोर ठेवलं आणि उभी राहिली. ताट थंड होईपर्यंत मी बघत होतो.

"काही दुरुस्त करायचंय?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "असाच आहे मी."

तेव्हा ती समोरची खुर्ची ओढून बसली.