अक्काचे कापलेले पैसे आणि आमची मदत

बँकेनं कापलेले पैसे बँकेकडूनच परत काढणारा कोळारच्या रस्त्यावरचा पहिला माणूस म्हणजे मी! म्हणजे... पैसे माझे नव्हते. काढलेही मी नाहीत. मी बाहेर उभा होतो. आत गेलोच असतो, पण गार्डानं सोडलं नाही.

ते जाऊ द्या. किस्से तर माझ्याकडंच आहेत! बीदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला एक बँक आहे आणि तिच्या बरोबर समोर रसूलभाईचं पंक्चरचं दुकान. गोदामातली हमाली सोडल्यापासून तिथला बाकडा मी सांभाळतो. बँकेतून निघालेला माणूस रसूलभाईकडून चाकात हवा भरून घेतो आणि स्वतःतली माझ्यापुढं सोडून जातो. फुकटात एवढा माल साठलाय की ठेवायला जागा नाही. त्यातला हा एकाच बाईचा ढीग.

* * *

बाई म्हणजे चंद्रकलाअक्का. माहेर दुबलगुंडीचं, हाताला चव, जिभेला धार. कारखान्याच्या गेटाजवळ भाड्याच्या खोलीत तिची खानावळ. मधे कारखान्यातलं काम थंडावलं, जेवायला येणारी पोरं आपापल्या गावाला गेली आणि अक्काची चूल बंद पडली. खोलीची अनामतही थकलेल्या भाड्यात गेली. घरात कमावणारी ती एकटीच. संक्रांतीला काम पुन्हा सुरू झालं, तशी ती पासबुक घेऊन बँकेत गेली. खात्यात जे काही उरलंय त्यात खोलीची नवी अनामत आणि दोन सिलेंडर भागवायचे होते.

पासबुक छापून घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी मटकन बसली.

खात्यात ठरल्यापेक्षा कमी पैसे राहिले म्हणून दंड. पीठ मळायच्या मशीनच्या हप्त्याला पैसे पुरले नाहीत म्हणून दुसरा दंड. त्या दंडावर टॅक्स. सगळे मिळून तीन हजारांच्या वर गेले!

"अण्णा, पैसे न्हाईत म्हणून पैसे कापले?"

"व्हय."

"माझ्या खानावळीत उपाशी माणूस आला तर उपाशी ऱ्हायल्याचे पैसे घेते का मी?"

रसूलभाईच्या हातातला पाना खाली पडला. "क्या बात बोली अक्का!"

खोलीवाल्यानं पाडव्यापर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. अनामत आली नाही तर खोली दुसऱ्याला. एक एगराईसवाला टपूनच बसला होता. मी छाती ठोकली. "अक्का, तू घरी जा. हे काम माझ्याकडं!"

* * *

बँकेचे मॅनेजर नवीन होते. वारंगळकडचे, तरणे, तोंडावर कायम हसू. बोलायचे तेलुगू, हिंदी भागवायचे, आणि मराठी ऐकलं की नुसती मान हलवायचे. अशा माणसाला गार करायला काय लागतं? जावयाचा पांढरा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली, रसूलभाईचा गॉगल चढवला आणि 'बेंगळूरहून आलेला मोठा माणूस' होऊन केबिनमध्ये शिरलो.

साहेब उठून उभे! खुर्ची दिली, चहा मागवला आणि इंग्रजीत सुरू झाले. आता आपलं शिक्षण चौथी. पाचवीत माझं आणि मास्तरचं जमलं नाही. पण मोठा माणूस गप्प कसा बसेल? साहेब बोलून थांबले की मी म्हणायचो, "यस!" पुन्हा थांबले. "यस!" तिसऱ्यांदा तर टेबलावर थाप मारली, "यस यस!" त्यांनी पासबुक मागितलं, खिशातलं माझं दिलं. सही मागितली, केली. मोठी माणसं सह्या करतातच की!

साहेब एवढे खूष, की दारापर्यंत सोडायला आले.

रसूलभाईनं माझ्या हातातली पावती वाचली आणि बाकड्यावर आडवाच झाला. "अरे बाबूअण्णा! अक्का का पैसा लाने गए थे, अपना बीमा उतार के आए!"

पहिला हप्ता माझ्या खात्यातून कापूनही झाला होता!

* * *

तो विमा मोडायला माझी बायको गेली. ती आत काय बोलली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून गार्ड मल्लप्पा मला बघितलं की दारात आडवा उभा राहायला लागला.

हरकत नाही! तक्रारपेटी दाराच्या बाहेर होती. मी रोज सकाळी अक्काच्या नावानं एक चिठ्ठी लिहायचो, पेटीत टाकायचो आणि काम फत्ते व्हावं म्हणून हात जोडायचो. पंधरवडा गेला. उत्तर नाही. अक्का येऊन विचारायची, "अण्णा, काय झालं?" मी म्हणायचो, "वर गेलंय!"

शेवटी मल्लप्पाला विचारलं, "ही पेटी कवा उघडतात रे?"

"किल्ली न्हाई. आधीचे साहेब बदली होऊन अफजलपूरकडं गेले, त्यांच्यासंगं किल्लीबी गेली."

"मग मला रोज चिठ्ठ्या टाकताना बघायलास, सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी तर पेटीला हात जोडून जायलाव. मला वाटलं नवस हाय!"

* * *

मग रसूलभाईनं डोकं चालवलं. बँकेच्या मोठ्या ऑफिसला फोन! स्पीकर लावून मोबाईल बाकड्यावर ठेवला, भोवती आम्ही तिघं. कन्नडसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा.

"मराठीसाठी काय दाबायचं?" अक्कानं विचारलं.

"मराठी वाले अपना गला दबाव," रसूलभाई म्हणाला आणि कन्नडचं बटण दाबलं.

बराच वेळ बाजा वाजत राहिला. पंक्चर काढायला आलेलं एक लहान पोरगं त्यावर नाचून दमलं. मग एकदम खरीखुरी पोरगी बोलली. खात्री करायला तिनं अक्काच्या आईचं नाव विचारलं. अक्कानं आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं. पोरगी थबकली. तिची आत्या दुबलगुंडीतच दिलेली!

झालं! कन्नडात चाललेलं बोलणं मराठीत कधी आलं कळलंच नाही. आत्याचा गुडघा झाला, आत्याच्या सुनेचं बाळंतपण झालं, शेंगाच्या चटणीत लसूण किती ते झालं. शेवटी पोरगीच म्हणाली, "अक्का, तुमी ब्रँचला जाऊन सायबाला भेटा. काम बंद व्हतं, अडचणीत हाय म्हणून सांगा आन् पैसे परत मागा. त्यांच्या हातात असतंय ते."

फोन बंद झाल्यावर मी एवढा हसलो की ठसका लागला. "नुसतं मागून बँक पैसे देत असती, तर लोकांनी दरोडे कशाला घातले असते?"

रसूलभाईनं मला सलाम ठोकला.

* * *

आता माझी शेवटची युक्ती. आमच्याकडं शेजारचा डबा आला तर तो रिकामा परत करत नाहीत. साखर घालतात, काही नसलं तर लिंबू तरी ठेवतात. म्हटलं, साहेब परमुलखातला, एकटा राहतो, हॉटेलचं खातो. त्याला अक्काच्या हातचा डबा रोज पाठवायचा. आठ दिवस फुकट खाल्लं की माणूस ओशाळतो. मग तोच विचारणार, 'बाबूअण्णा, तुमच्यासाठी काय करू?' तिथंच पकडायचा!

पहिल्या दिवशी मल्लप्पाच्या हातून धपाटे पाठवले. डब्यात साखर आली. साहेबाला कुणीतरी रीत सांगितली असणार. दुसऱ्या दिवशी आंबाडीची भाजी गेली, केळी आली. नंतर भरल्या वांग्याला हैदराबादची बिस्किटं! ती मी आणि रसूलभाईनं चहात बुडवून संपवली.

"डब्यात काय आलं?" अक्का विचारायची.

"प्रयत्न चालू हाय!" तोंड पुसत मी सांगायचो.

आठ दिवस झाले, दहा झाले. साहेब काही विचारेनात. मी मल्लप्पाला गाठलं. "अरे, साहेब माझ्याबद्दल काही बोलतो का न्हाई?"

"बोलायलाय की. विमा मोडून दिल्याचे उपकार मानून रोज डबा पाठवायलाय म्हणतो. लई मोठ्या मनाचा माणूस म्हणतो!"

* * *

त्या दिवशी अक्का स्वतःच डबा घेऊन आली. "अण्णा, पीठ संपत आलं. साहेब जाड व्हायलाय आन् मी बारीक. सरका."

"थांब! अशी कशी जाशील? काय बोलायचं ते ठरवू!"

ती रस्ता ओलांडून आत गेलीसुद्धा. मी हातातल्या चहासकट मागं धावलो, तर मल्लप्पा दारात आडवा. मग काय, काचेला नाक लावून उभा राहिलो. रसूलभाईनं घोषणा द्यायला गॅरेजची चार पोरं गोळा केली. "झिंदाबाद बोलना या मुर्दाबाद?" पोरं विचारत होती.

"मल्ला, आत काय चाललंय?"

"अक्का बसलीय. साहेब डबा उघडायलाय."

"आता?"

"आता कंप्युटर बडवायलाय."

मी हातातला चहा निम्मा प्यालो असेन नसेन, तेवढ्यात अक्का बाहेर!

"काय झालं?"

"झालं. थोडे आजच जमा झाले, बाकीच्यासाठी वर लिहितो म्हणाला. आठ दिवसांत येतील."

"तू काय बोललीस?"

"काम बंद व्हतं, अडचणीत हाय, परत द्या म्हणाले."

"आन् तो?"

"'पहले क्यों नहीं बोले अम्मा' म्हणाला."

पोरं अजून विचारत होती, "चाचा, झिंदाबाद या मुर्दाबाद?"

* * *

बाकीचे पैसेही आले. खोलीवाल्याच्या हातात अनामत पडली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी खानावळ उघडली. एगराईसवाला गाडा ढकलत पुढच्या गेटाला गेला. पहिल्या पंगतीला कारखान्याची पंधरावीस पोरं, त्यांच्यात मधोमध मी! पोरांना सांगत होतो, बँक कशी हलवली, साहेबाला कसा उभा केला, टेबलावर थाप कशी मारली. पोरं जेवायची विसरली. मी नाही विसरलो. चार भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगाची चटणी, वर वाटीभर दही!

हात धुतला, मिशा पुसल्या आणि निघालो.

"अण्णा, पैसे?" मागून अक्का.

मी पोरांकडं बघून डोळा मारला. "अक्का, आपल्या माणसाकडनं पैसे? एवढी मदत केली तुला!"

अक्कानं पिठाचे हात पदराला पुसले आणि दारात येऊन उभी राहिली.

"व्हय अण्णा, लई मदत केलाव. तुमी मदतीला लागलाव तवा संक्रांत व्हती. मी मागायला गेले तर अर्ध्या चहात काम झालं. मधले दोन महिने माझी चूल बंद. बँकेनं तर कापलेले परत दिले. आता तुमीच सांगा, तुमच्याकडनं किती कापू?"