पुतणीच्या प्रवेशाला आई म्हणून मी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. हजर: सासरे, सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर आणि मी. जाऊ चहा करत होती, म्हणून तिचं नाव वहीत घेतलं नाही. विषय तिच्याच पाच वर्षांच्या मुलीची शाळा.

मी तीन रकाने आखले होते. महापालिकेची: पंचवटीतच, घरापासून चालत, मराठी. मिशनची: नाशिक रोडला, इंग्रजी, शिस्त चांगली. खासगी: गंगापूर रोडला, इंग्रजी, बस दारात.

सासऱ्यांनी मिशनवर काट मारायला लावली. "पोरगी घरात येशूची गाणी म्हणेल."

"चर्चला निशिगंध आपल्याच मळ्यातला जातो ना, बाबा?" कप ठेवता ठेवता जाऊ म्हणाली.

तिला महापालिकेची हवी होती. "तिथल्या बाईंशी मला बोलता येतंय. पोरीचं काय चाललंय ते कळंल तरी."

"आणि खासगीत गेलीस तर मॅडमला म्हणशील, 'लय ऊन हाय, पानी देऊ का?'" दीर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

खासगी ठरली. तिथे मुलाखत घेत नाहीत, 'पालकांशी संवाद' करतात. आईवडील दोघंही लागतात, बोलणं इंग्रजीत. जाऊ नांदगावकडची, दहावी झालेली. सासूबाईंनी तोडगा काढला: दीरांबरोबर आई म्हणून मोठीने जावं. मी हरकत घेतली नाही.

जाऊला समोर बसवून माहिती उतरवून घेतली. दहाव्या महिन्यात चालायला लागली. वरणातला कढीपत्ता काढून ठेवते. झोपताना आईच्या कानाची पाळी धरते. जाऊ आठवून आठवून सांगत होती, हौसेने. मुलीला मी तीन दिवस शिकवलं: शाळेत मी मम्मी, आणि मम्मी ती काकू. चुकली की दिलेलं चॉकलेट परत घ्यायचे.

संवादाच्या दिवशी मॅडमनी विचारलं, पहिला शब्द कोणता बोलली? हे माझ्या यादीत नव्हतं. "मम्मी," मी ठोकून दिलं.

घरी आल्यावर जाऊला ते सांगितलं. "नाय ताई, 'फूल' म्हणली होती पयल्यांदा," ती म्हणाली.

"अगं, प्रवेश झालाय. पेढे आण आता."

जूनमध्ये एका दुपारी शाळेची बस बंद पडली. मी बँकेत होते, म्हणून मुलीला आणायला जाऊ रिक्षाने गेली. फाटकावरच्या बाईने मुलीचं ओळखपत्र पाहिलं. त्यावर 'आई' म्हणून माझा फोटो. तिने मुलीलाच विचारलं, "ही कोण तुझी?"

मुलीने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "काकू."

शाळेचा फोन आल्यावर मी बँकेतून पोचेपर्यंत पाऊण तास जाऊ फाटकाबाहेर उभी होती आणि मुलगी आतल्या बाकावर. मला पाहताच मुलगी "मम्मी" म्हणत धावली. फाटकावरची बाई जाऊला म्हणाली, "बघा, आई आल्याशिवाय आम्ही सोडतच नाही."

घरापाशी उतरताना जाऊने विचारलं, "ताई, त्या कार्डावर माझा फोटू लावता येईल का?"

लावता येतो. एक अर्ज, दोन फोटो, मुख्याध्यापिकांची भेट. फेब्रुवारीत आई म्हणून कोण आलं होतं, हे मात्र तिथे सांगावं लागेल. जाऊने दुसऱ्याच दिवशी फोटो काढून आणून दिले, केसांना तेल लावून, मंगळसूत्र नीट दिसेल असे. पाकीट माझ्या कपाटात आहे. दिवाळीची सुट्टी लागली. अर्ज लिहायचा राहिला आहे.