मधोमध हरवणारा आवाज

काळ्या वायरींच्या ढिगात हात घातला की कोणती वायर कशाची, ते मला बहुतेक वेळा न बघताच कळतं. स्पीकरची वायर जाड आणि तिच्या टोकाला फिरवून बसवायचा कनेक्टर. करंटची वायर त्याहून अडेल, गुंडाळताना मनगटाशी भांडते. माईकची मऊ, सांगाल तशी वळणारी. लाइटला हुकूम पोचवणारी वायर दिसायला हुबेहूब माईकच्या वायरीसारखी, टोकाला तशाच तीन पिना, पण बोटांत धरली की थोडी ताठ लागते. तिच्या दोन्ही टोकांना मी पिवळी टेप लावून ठेवतो, म्हणजे घाईत घोळ नको. आपल्या हातून वायरींचा घोळ होत नाही, असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

बावड्यात माझा साउंडचा धंदा आहे. पार्टनर बारामतीचा, तो लाइट बघतो. लग्नं, वाढदिवस, कीर्तनं, शाळांची गॅदरिंगं असं आमचं चालतं. गेल्या वर्षी यात्रेत गावातल्या बचत गटाच्या बायकांनी नाटक केलं. लिहिलं आणि बसवलं शाळेतल्या बाईंनी. धरणाचं पाणी चढतंय, गाव उठतंय आणि एका बाईला घर सोडायचंय, एवढीच गोष्ट. त्या बाईचं काम माझी बायको करणार होती. तिचं माहेर डाळजच्या बाजूचं. तिच्या आईचं जुनं घर उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. आईकडून ऐकलेलं तिनं बाईंना सांगितलं आणि बाईंनी त्यातूनच शेवटचं मोठं स्वगत लिहिलं. महिनाभर ती भाकरी थापता थापता ते म्हणत होती. मी शेजारच्या खोलीत वायरी जोडत बसलेला असायचो. माझ्या कानावर ते पडत होतं, पण मी ऐकत नव्हतो.

आमच्याकडे कॉलर माईक नाहीत. नाटकाला आम्ही स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन माईक लावतो, दोघांची तोंडं मधल्या जागेकडे. पात्रं त्यांच्या आसपास फिरून बोलतात. गावात एक आबा आहेत, तरुणपणी यात्रेतल्या नाटकांत कामं केलेले. स्टेजच्या फळ्या बसल्या की ते मधोमध हळदकुंकू वाहून नारळ फोडतात. त्यांच्या काळची रीत अशी की मुख्य पात्रानं मोठं भाषण नारळ फुटला त्याच जागेवर उभं राहून करायचं. बाकीच्या बायकांनी ते हसण्यावारी नेलं. आमच्या हिनं मनावर घेतलं.

यात्रेच्या आदल्या दुपारी माईक लावून तालीम झाली. सगळ्यांचे आवाज बरे येत होते. शेवटी ही मधोमध येऊन उभी राहिली, हळदकुंकवाच्या डागावर पाय जुळवले आणि बोलायला लागली. स्पीकरमधून जे आलं ते आवाजासारखं नव्हतंच. पत्र्याच्या डब्यात कुणीतरी कुजबुजावं तसं. मी मिक्सरवरचा आवाजाचा फेडर वर ढकलला, तर शिट्टी वाजायला लागली.

मागून बाई ओरडल्या, "वहिनी, इथं काहीच पोचत नाही!"

तिनं जोर लावला. तरी तेच.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही साउंडवाले. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

मी जागेवरून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "माईक ठीक हाय, बाई. तिचा आवाजच पातळ हाय."

सगळ्या बायकांसमोर बोललो. मग बाईंनी गिरणीवाल्याच्या सुनेला उभं केलं. ती पोरगी सरळ उजव्या माईकपाशी गेली, हळदीकुंकवाला वाण देताना वाकावं तशी त्याच्याकडे झुकली आणि स्वगताची पहिली ओळ म्हणाली. आवाज खणखणीत, पार यात्रेतल्या पाळण्यांपर्यंत. बाईंनी सुस्कारा सोडला. स्वगत सुनेनं म्हणायचं, बाकीचं काम वहिनींनी करायचं, असं ठरलं. तिच्या आईचं घर दुसरीच्या तोंडी गेलं. मी वायरी गुंडाळत होतो.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "मधी उभी ऱ्हायले की माझा आवाज मला स्पीकरातनं येतच न्हवता. जरा सरकले की यायचा."

"पहिल्यांदा स्टेजवर गेलं की असं वाटतंच."

"बाकीच्या काय दहांदा गेल्यात व्हय?"

तिनं चहा गाळून कप माझ्यापुढं ठेवला.

"अवो, तुमी गावोगावच्या पुढाऱ्यांचं आवाज बसवता. कुणाचा किती जाड, किती घोगरा, सगळं तुमास्नी पाठ. माझा पातळ हाय हे तुमाला कधी कळलं? आजच?"

खरं म्हणजे तिचा आवाज पातळ नाहीच. भरलेल्या घागरीसारखा आहे, खालून येणारा. शेजारच्या खोलीतून तो रोज माझ्या कानावर पडत होता आणि तरीही स्पीकरमधून जे आलं तेच मी खरं मानलं. यंत्रावर माझा बायकोपेक्षा जास्त विश्वास निघाला. ही गोष्ट मनात यायला मला घरी येऊन चहाचा कप हातात घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टनर लाइट लावायला आला. त्याचा आवाज असा की फोनवर बोलला तरी बारामतीहून फोनशिवाय ऐकू येईल, असं आम्ही म्हणतो. मी त्याला म्हणालो, "जरा मधी उभा राहा आणि बोल."

"काय बोलू? निकाह लावू का कुणाचा?"

"काहीही बोल."

तो मधोमध आला आणि "हॅलो, हॅलो" करायला लागला. आणि त्याचा तो रेड्यासारखा आवाज स्पीकरमधून नाहीसा झाला. तोंड हलताना दिसतंय, समोरून त्याचा स्वतःचा आवाज येतोय आणि स्पीकरमधून फक्त चिरचिर. तोही दचकला. डावीकडे सरकला, आवाज आला. परत मधे आला, गेला. उजवीकडे, आला.

"आयला, हितं जागा झपाटलेली हाय का काय? आबाला नारळ परत फोडाय सांग."

मी डावा माईक बंद केला. आवाज स्वच्छ. तो चालू करून उजवा बंद केला. तरी स्वच्छ. दोन्ही चालू केले आणि माणूस गायब. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण दोन चांगले माईक मिळून एका माणसाला गिळून टाकतात हे मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं खूप वेळ तेच करत राहिलो. तो लहान मुलासारखा एका पावलानं इकडे, एका पावलानं तिकडे होत होता आणि मी समोर उभा राहून आवाज जाताना नि येताना बघत होतो. बघतच होतो म्हणायला हवं, कारण ती जागा आता मला दिसायला लागली होती. फळ्यांवरची एक अरुंद उभी पट्टी, आणि तिच्या बरोबर मधे हळदकुंकू.

मग मी वायरी सोडल्या. माईकच्या वायरीत आत तीन तारा असतात. एक नुसती राखण करते. उरलेल्या दोघींतून एकच आवाज जातो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. वाटेत जी काही घरघर दोघींना चिकटते ती शेवटाला मिक्सर काढून टाकतो आणि आवाज तेवढा ठेवतो. हे मला पाठ होतं, पण त्यातली जादू मला कधी जाणवली नव्हती. या दोघींची जागा एका टोकाला बदलली तर सगळाच आवाज उलटा निघतो. एकटा ऐकला तर कुणाच्याही कानाला कळत नाही. पण शेजारी सुलटा आवाज आला आणि बोलणारा दोन्ही माईकपासून सारख्याच अंतरावर उभा असला, की दोघं एकमेकांना पुसून टाकतात.

डाव्या माईकची वायर नवी होती. बारामतीहून रीळ आणून मीच ती केली होती. कनेक्टर उघडला. पिनांशेजारचे आकडे मुंगीएवढे असतात, ते वाचायला मला हल्ली चष्मा लागतो. तो मी लावत नाही, गिऱ्हाइकासमोर म्हातारा दिसतो म्हणून. मी जागेच्या अंदाजानं तारांना कथलाचा डाग दिला होता, डावीकडे लाल, उजवीकडे पांढरी. दोन्ही टोकांना तसंच. पण एक टोक नर, पिनांचं, आणि दुसरं मादी, भोकांचं. मागून बघताना एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होतं, आरशासमोर उभं राहिल्यासारखं. हे मी इतरांना शिकवतो.

पार्टनरनं खांद्यावरून डोकावून बघितलं. "वैनीला काय सांगणार?"

"वायर उलटी होती म्हणून."

"वायर काय आपोआप उलटी झाली व्हय?"

मी डाग देण्याची कांडी तापवायला ठेवली होती. ती बंद केली. वायर तशीच, उलटीच, परत लावली आणि बाईंना निरोप धाडला की सगळ्यांना घेऊन या.

बायका आल्या. मी सांगितलं, एकेकीनं मधे उभं राहून काहीही बोला. पहिली गिरणीवाल्याची सून गेली. स्वगताची तीच ओळ, आणि आवाज पत्र्याच्या डब्यात. तिनं तोंडावर हात ठेवला. मग दुसरी, मग तिसरी. कुणी सासूला हाक मारली, कुणी जात्यावरची ओवी म्हटली, बाईंनी दोनाचा पाढा म्हटला. सगळ्यांचे आवाज त्या जागेवर गेले की विझायचे आणि बाजूला झाल्या की पेटायचे. बायका हसत होत्या, किंचाळत होत्या, एकमेकींना मधे ढकलत होत्या. आबा काठी टेकून उभे होते. म्हणाले, "आमच्या वक्ताला माईकच एक हुता. त्याला भांडाय कोण न्हवतं."

ही मात्र हसत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर तिनं विचारलं, "मंजी काल माझा आवाज पातळ न्हवता?"

"नव्हता," मी म्हणालो. "वायर मी चुकीची जोडलीय."

"असं हळू नगं. मधी उभं ऱ्हावा, आन् सांगा."

मी स्टेजवर चढलो. हळदकुंकवावर पाय जुळवले. साऱ्या बायका खाली उभ्या. म्हणालो, की चूक माझी आहे, वायर मी न बघता जोडली, आणि तिचा आवाज पातळ आहे असं मी तपासल्याशिवाय, चारचौघांत म्हणालो. माझे शब्द तोंडातून निघत होते आणि स्पीकरपाशी मरत होते. आपण बोलतोय आणि आपलं कुठं काही पोचत नाही, हे पायाखालची फळी काढल्यासारखं असतं. ती काल याच जागेवर अशीच उभी होती.

ती म्हणाली, "ऐकाय न्हाय आलं."

बायका हसून फुटल्याच. पार्टनर मिक्सरमागं खाली बसून हसत होता.

"वायर बदला. मग परत बोला."

मी खाली उतरलो, चष्मा लावला, सगळ्यांदेखत दोन तारांची अदलाबदल केली. परत वर गेलो आणि तेच बोललो. या वेळी माझा आवाज मिठाईच्या दुकानांवरून, पाळण्यांवरून, देवळावर आपटून परत आला. मला ओळखणारी अख्खी यात्रा तिथं दुकानं मांडत होती. सगळ्यांनी ऐकलं. तिकडून एक भेळवाला ओरडला, "घरी काय झालं रं दादा?"

गिरणीवाल्याची सून पुढं झाली आणि हिच्या हातात हात देऊन म्हणाली, "काकी, तुमचं तुमी घ्या. मला तर रातभर पाठच हुईना." बाईंनी मान हलवली. हिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पदर खोचून मधे जाऊन उभी राहिली आणि एकदाही न थांबता सगळं स्वगत म्हणून टाकलं. मी मिक्सरपाशी पोचायच्या आत तिचं अर्धं झालं होतं.

नाटक दिवस मावळताना सुरू झालं. मैदान भरलं होतं, झाडांवर पोरं. शेवटी ही मधे आली. घर सोडणारी बाई घराशी बोलते. चुलीला सांगते की आता तुला विस्तव नाही, पाणी लागेल. दाराला सांगते की तू उघडंच राहा, मासे आत येतील, त्यांना हाकलू नको. हे महिनाभर भिंतीपलीकडून माझ्या कानावर पडलं होतं. बोटाएवढ्या जाडीच्या काळ्या नळीतून, केसासारख्या दोन तारांतून, तिच्या आईचं दार माझ्यापाशी येत होतं आणि पलीकडे हजारभर माणसांकडे जात होतं. आवाज भरलेल्या घागरीसारखाच होता. मी फेडर होता तिथंच ठेवला आणि हात काढून घेतला. भेळेच्या गाड्यांवरचे चमचे थांबले होते.

तिचं शेवटचं वाक्य झालं. इथं उजेड मंद व्हायचा आणि अंधारात ती आत जायची, असं ठरलेलं. उजेड तसाच राहिला. मी वळून बघितलं तर पार्टनर उजेड उतरवायचं विसरून, बटणांवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून स्टेजकडे बघत बसला होता. मी त्याला हाक मारली नाही, राहू दे म्हटलं उजेड. ती भर उजेडात उभी होती, जावं की थांबावं ते न कळून, आणि सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं.