जांभळीवरची सून

मनकर्णाबाई भाकरी थापता थापता दाराकडे बघत होत्या. काल सून नर्मदा रानातून जांभळांची अर्धीच पाटी घेऊन आली, तेव्हा त्या चारचौघींत बोलून गेल्या होत्या, "आमी तुझ्या वयाच्या असताना पाटी उचलू लागायला दुसरं माणूस लागायचं." आज नर्मदा उजाडायच्या आत एकटीच निघून गेली होती.

कडी वाजली. दारात गुराखी सोनाजी, तोंडाला फेस आलेला. नर्मदा ओढ्याकाठच्या जांभळीवर अडकलीय अन् खाली अस्वल हाय, एवढंच कसंबसं बोलला.

चुलीवरची भाकरी तशीच टाकून मनकर्णाबाई धावल्या.

जांभळीच्या अलीकडे माणसं काठ्या अन् हलगी घेऊन थबकली होती. बंदूक होती ती औंढ्याच्या ठाण्यात. ती यायची कधी? पाठीवर पिल्लू घेतलेली अस्वलीण लांब ओठ काढून सडा पडलेली जांभळं सूं सूं ओढत होती. वर नर्मदा फांदीला मिठी मारून थरथरत होती. तिच्या थरथरण्यानं फांदी हलायची, पिकली फळं टपटप पडायची अन् निघालेली अस्वलीण पुन्हा माघारी वळायची.

सोनाजीनं हलगीवर टिपरू उगारलं. मनकर्णाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "पिल्लू हाय संगं. बुजली तर झाडावरच चढंल."

मग चुलीपाशी बोलावं तशा शांत, पण फांदीपर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी वर सांगितलं, "नर्मदे, हलू नको बाई. तू हाललीस की फळ पडतंय, अन् ती त्याच्यासाठीच थांबतीय."

आवाजानं अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली. खोडावर नखं खरखरली. नर्मदानं डोळे मिटून गाल फांदीला टेकवला.

एकही जांभूळ पडलं नाही.

अस्वलिणीनं उरलंसुरलं हुंगलं, थोडा वेळ वाट पाहिली अन् ओढा उतरून पलीकडच्या झुडपांत गेली.

सोनाजीनं आधार देऊन नर्मदाला उतरवलं. तिचे तळवे सोलले होते. सासूकडे न बघता ती म्हणाली, "आजबी पाटी भरली न्हाई, आत्याबाई."

मनकर्णाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. साऱ्या गावाला त्यांचा हुकूमच ठाऊक. शेजारणीकडं त्यांनी कधी विस्तवसुद्धा मागितला नव्हता.

"उद्या निघताना मला उठव," त्या म्हणाल्या. "मी बी येते."