वाढलेल्या बांगड्या

कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. सोनईच्या साळूबाई सासरी आल्या तेव्हा सासूने त्यांना दुकानातल्या मापांच्याही आधी हा शब्द शिकवला होता. पुढे दुकानात आलेल्या एखाद्या पोरीने 'फुटली' म्हटलं, की साळूबाई तिचं मनगट तसंच धरून ठेवत. "वाढली म्हन, मग सोडते." पोर लाजून म्हणायची. मग दुसरी बांगडी हातात चढायची.

त्यांचं सगळं कसब उजव्या अंगठ्यात होतं. समोरचीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटं जवळ घ्यायची आणि अंगठ्याच्या मुळाशी जे हाड आडवं येतं ते आपल्या अंगठ्याने हळूच आत दाबायचं. बांगडी मनगटावर गेलेली असायची आणि बाई आपली नणंदेची गोष्टच सांगत असायची. त्यांचे यजमान रंगनाथरावही कासारच, पण त्यांचा हात जड. त्यांनी हात धरला की बायका आधीच डोळे मिटून घेत. "तुमी भाव सांगा, हात मी धरते," असं साळूबाईंनी फार पूर्वी सांगून टाकलं होतं आणि दुकान त्याच वाटणीवर चाललं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दुकानाची फळी काढताना त्यांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू चालता झाला. बोलणं वाचलं. हात खांद्यातून उचलू लागला. अंगठा मात्र आला नाही. कुणाशी ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा तो तळव्याजवळ पडून असायचा.

वैशाखात सुकन्याचं लग्न होतं. सुकन्या त्यांच्या लेकीची मुलगी, आजोळीच लहानाची मोठी झालेली. गावातल्या किती नव्या नवरींचे चुडे साळूबाईंनी भरले होते; आपल्या नातीचा हिरवा चुडा आपल्या हाताने भरायचा, याहून दुसरं काही त्यांनी मागितलं नाही. देवापाशीही नाही, डॉक्टरांपाशीही नाही.

सुकन्या नगरला फार्मसी शिकत होती. तिला तिथल्या एका दवाखान्यात चाललेल्या संशोधनाचं कळलं. लकवा झाल्यावर मेंदू नव्या वाटा करतो का, करतो तर कशा, हे तिथे पाहत होते. ते काम डॉ. मोनिका करायची. ती संगमनेरची, सुकन्याहून थोडीच मोठी. तिने पहिल्याच दिवशी समजावलं होतं की चिरफाड नाही, सुई नाही, डोक्याला बाहेरूनच चुंबकाचे ठोके द्यायचे. आणि हा अभ्यास आहे, इलाज नाही. फायदा होईल, किंवा होणारही नाही. साळूबाईंनी त्यातलं 'फायदा होईल' एवढंच घरी आणलं.

यंत्राचं टोक म्हणजे शेजारी शेजारी जोडलेली दोन मोठी कडी. साळूबाईंनी ती नीट पाहिली.

"हे माप कुनाचं म्हनायचं? म्हशीचं?"

मोनिका हसली. तिने ती कडी त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवली. टक असा आवाज झाला आणि मांडीवर पडलेला उजवा अंगठा उडाला. साळूबाई बघत राहिल्या. पुन्हा टक. पुन्हा उडाला. मग मोनिकाने यंत्र बाजूला घेतलं आणि आता तुम्ही हलवून बघा म्हणाली. साळूबाईंनी दात आवळले. कपाळावर घाम आला. अंगठा जागचा हलला नाही.

"माजा अंगठा तुमचं ऐकतो," त्या म्हणाल्या. "माजं न्हाई."

मोनिकाला ते लागलं असावं. त्यांना कळेल असं बोलायचं म्हणून ती त्या दिवसापासून बांगड्यांच्या भाषेत बोलू लागली. मेंदूतून हाताकडे निघालेला हुकूम एका बांगडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा जातो म्हणे. लकव्याने ती साखळी मधेच बंद पडली. शेजारच्या बांगड्या तिथे येऊन जुळतात का, तेवढं आपण बघतोय. साळूबाईंना हे पटलं. डोक्यातसुद्धा आपलाच माल भरलेला आहे, असं त्यांनी रंगनाथरावांना सांगितलं.

रोज सकाळच्या एसटीने दोघं नगरला जात आणि ऊन कलल्यावर परत येत. एकदा परतताना कंडक्टरने दिलेलं तिकीट रंगनाथरावांनी सहज त्यांच्या उजव्या हातात ठेवलं. ते खाली पडलं नाही. अंगठा बोटाला टेकला होता. दोघंही काही बोलले नाहीत, बोललं तर पडेल म्हणून. इमामपूरचा घाट उतरेपर्यंत तिकीट तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मोनिकाने हाताला तारा लावून मोजमाप घेतलं. पडद्यावरच्या रेघा उंच उठल्या होत्या. ती पडद्याकडेच बघत, आनंदाने म्हणाली, "आजी, तुमच्या बांगड्या वाढल्यात. खूप वाढल्यात."

तिची पाठ होती. साळूबाईंचं तोंड तिला दिसलं नाही.

बसस्टँडवर रंगनाथरावांनी मोनिका काय म्हणाली ते विचारलं.

"वाढल्या म्हनली."

"किती?"

"लई."

रंगनाथराव कासारच. त्यांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. ते शेजारी बसले आणि साळूबाईंच्या उजव्या हातावर हात ठेवून राहिले. कालपर्यंत तिकीट धरलं होतं, म्हणजे आत थोड्या शाबूत असणार. ठोके बसत राहिले तर त्याही जातील, मग बोलणं जाईल, पाय जाईल. आहे ते राखावं, असं दोघांचं ठरलं. सुकन्याला सांगितलं नाही. तिला म्हणाल्या, पुढचं बोलावतील तेव्हा जायचं. लग्नघरात असली गोष्ट काढत नाहीत, आणि काढायची तरी कोणत्या शब्दाने.

मोनिकाचे फोन आले. रंगनाथरावांनी आधी ताप सांगितला, मग पाहुणे सांगितले. फार खंड पडला तर आजींना यातून काढावं लागेल, काहीही करून आणा, असं ती विनवून म्हणाली. ते बघतो म्हणाले.

चैत्र सरता सरता लग्नाचा माल भरायला तिघं नगरला गेले. मोनिकाने हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू परत करावा म्हणून सुकन्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मोनिका रागावली नाही. आजी, का आला नाहीत, एवढंच तिने विचारलं. साळूबाईंनी डाव्या हाताने चेंडू टेबलावर ठेवला.

"तुमीच तर म्हनला. वाढल्या म्हनून."

"हो, म्हणजे जास्त झाल्या. नव्या आल्या, आजी. चांगलंच..."

मोनिका तिथेच थांबली. तिने आधी सुकन्याच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे पाहिलं, मग साळूबाईंकडे. रंगनाथराव भिंतीकडे वळले होते.

ती आपल्या वरिष्ठांकडे जाऊन आली. पुन्हा गेली. परत आली ती बसली नाही, उभ्यानेच बोलली. साळूबाईंचं नाव अभ्यासातून काढलं होतं, त्या जागी दुसरा रुग्ण आला होता, आणि मधे पडलेल्या खंडानंतर त्यांना परत घेता येत नव्हतं. नियम तिने केलेले नव्हते. आलेली ताकद पुढे टिकलीच असती असंही सांगता येत नाही, असं ती म्हणाली. ते खरं होतं. त्याने कुणाला बरं वाटलं नाही, तिला स्वतःलाही नाही. परतीच्या एसटीत रंगनाथरावांनी तिकीट पुढे केलं. ते खाली गेलं आणि कुणाच्या तरी पिशवीआड दिसेनासं झालं.

चुडा भरायला राहुरीहून चांगुणाला बोलावलं. ती नात्यातलीच कासारीण, हाताची मऊ. अंगणात पाट मांडले, बायका जमल्या. सुकन्या मात्र आजीसमोर जाऊन बसली. पहिली बांगडी आजीच्याच हातची, असं म्हणून तिने हात पुढे केला. साळूबाईंनी डाव्या हाताने तिची बोटं जवळ घेतली. उजवा अंगठा उचलून त्या हाडावर नेऊन ठेवला. डोळे मिटले. त्या कसली तरी वाट बघत होत्या, डोक्यावर कुठून तरी टक व्हावं तशी.

मग डाव्या हातानेच त्यांनी बांगडी पुढे लोटली. ती हाडावर अडली, आणि कडकन गेली.

"वाढली, वाढली," चारदोन बायका एकदम म्हणाल्या.

"फुटली," साळूबाई म्हणाल्या.

चांगुणाने पाट जवळ ओढला, सुकन्याचा हात अलगद आपल्याकडे घेतला आणि त्यावरची काच झटकली. साळूबाई डाव्या हाताने पाटावरचे हिरवे तुकडे गोळा करू लागल्या.